पहिली क्रॉलर घेताय? आधी तुमचा दगड बघा

(कॅमेरा दगडाला लागून. गाडी चढतेय. सुरुवातीला फक्त मोटरचा आवाज.)

हे पुढचं डावं चाक बघा. टायर दगडाच्या कडेला टेकलाय, रबर दबून त्या कडेवर बसलंय आणि गाडी अजून तसूभरही हललेली नाही. आता मी ट्रिगर अगदी किंचित ओढतो. टायरचा एक ठोकळा कडेला धरतो... मग दुसरा... आणि आलं चाक वर. आता मागची चाकं. वीतभर अंतर जायला अर्धं मिनिट गेलं असेल. क्रॉलर म्हणजे हे, दगडांवरून अगदी हळू चढवायची रिमोटची गाडी.

(कॅमेरा चेहऱ्यावर.)

नमस्कार मंडळी. आज मी पुण्यात वेताळ टेकडीवर आलोय. सोबत भाचा आहे, कॅमेरा त्यानेच धरलाय. "पहिली क्रॉलर कुठली घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी एकच विचारतो: चालवणार कुठे? गाडीचं नाव त्यानंतर.

पण त्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण हा व्हिडिओ तिच्यामुळेच करतोय. दोन वर्षांपूर्वी याच्या वाढदिवसाला मी बाजारातून एक गाडी आणली. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'रॉक क्रॉलर' लिहिलेलं, चाकं मोठाली, स्प्रिंगा लांबलचक. घरी जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी उभी केली. ट्रिगर दाबला की गाडी एकदम उसळायची, सोडला की बंद. मधलं काहीच नाही. वळणही तसंच, पूर्ण डावीकडे नाहीतर पूर्ण उजवीकडे. पायरीवर एक चाक उचललं गेलं, तेच हवेत गरगर फिरत राहिलं आणि बाकीची गप्प. याला वाटलं, आपल्यालाच जमत नाहीये. त्याचं काहीही चुकत नव्हतं. ती गाडी क्रॉलर नव्हतीच.

म्हणून दुकानात गेलात, किंवा कुणाची जुनी गाडी बघायला गेलात, तर तीन गोष्टी हाताने करून बघा.

पहिली, ट्रिगर. हळूहळू ओढा. चाक तितकंच हळू फिरायला लागलं पाहिजे. थोडा ओढला तर थोडं, जास्त ओढला तर जास्त. याला प्रपोर्शनल कंट्रोल म्हणतात आणि स्टिअरिंगलाही तो हवाच. हा नसेल तर पुढचं काही बघायची गरज नाही.

दुसरी जरा नीट समजून घ्या, कारण सगळी गंमत तिच्यात आहे. (गाडी उचलून, मागचा अ‍ॅक्सल कॅमेऱ्यासमोर.) दोन चाकांना जोडणारा हा आडवा दांडा म्हणजे अ‍ॅक्सल. हे एक चाक मी हाताने फिरवतोय. पलीकडचं बघा, तेही त्याच दिशेने फिरतंय. म्हणजे हा अ‍ॅक्सल लॉक आहे. पलीकडचं चाक उलटं फिरलं असतं तर आत उघडा डिफरन्शिअल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, आहे असं समजायचं. आपल्या रोजच्या कारमध्ये डिफरन्शिअल लागतोच, कारण वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावं लागतं. पण दगडावर तोच नडतो. एक चाक हवेत गेलं की सगळा जोर त्या मोकळ्या चाकाकडे पळतो आणि जमिनीवरचं चाक उपाशी राहतं. त्या जिन्यावर नेमकं हेच झालं होतं. लॉक अ‍ॅक्सलमध्ये दोन्ही चाकं एकत्रच फिरणार, एक हवेत असलं तरी दुसरं ओढत राहणार. याची किंमत एवढीच की गाडी वळायला जास्त जागा घेते. ट्रॅक्सासची टीआरएक्स-४ नावाची १/१० मापाची गाडी २०१७ साली आली, तिच्यात हे लॉक रिमोटवरून लावता-सोडता येतं. सुरुवातीला तेवढं नसलं तरी चालतं, कायमचं लॉक उत्तम.

तिसरी, ब्रेक. गाडी उतारावर न्या आणि ट्रिगर सोडून द्या. (गाडी उभ्या उतारावर थांबते.) जागेवर उभी राहिली. याला ड्रॅग ब्रेक म्हणतात, तो मोटर चालवणाऱ्या ईएससीमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलरमध्ये असतो. तो नसेल तर उतारावर विचार करायला थांबताच येत नाही, आणि क्रॉलरमध्ये निम्मा वेळ आपण विचारच करत असतो.

आता माप. १/२४, १/१८ आणि १/१० असे आकडे दिसतील. खऱ्या गाडीच्या इतकाव्या भागाएवढं मॉडेल, असा त्याचा अर्थ. माप ठरवताना मी चाकाची उंची बघतो, कारण गाडीला कुठला दगड चढता येईल हे बरंचसं चाकच ठरवतं. १/१८ मापातल्या टीआरएक्स-४एमचं चाक साधारण साडेपाच सेंटिमीटर. १/१० मधलं दहा-अकरा सेंटिमीटर, काही गाड्यांत त्याहूनही मोठं. म्हणजे या टेकडीवरचा नारळाएवढा दगड मोठ्या गाडीसाठी मजेदार अडथळा आहे आणि छोट्या गाडीसाठी सरळ भिंत.

याचीच दुसरी बाजू बघा. मुंबईत वन बीएचकेमध्ये राहताय, आसपास दगड नाही, खाली पार्किंग. तिथे १/१० घेतलीत तर ती कपाटावर बसून राहील. हातभराहून लांब, तीन किलोच्या आसपास वजन. तिला जागा लागते. तिथे १/२४ घ्या, अ‍ॅक्सियलची एससीएक्स२४ किंवा एफएमएसची एफसीएक्स२४. वीतभर गाडी. चार पुस्तकं तिरकी रचली, वर उशी टाकली, बाजूला कुंडीतले गोटे मांडले की झाला घाट. पावसाळ्याचे चार महिने माझी स्वतःची गाडी अशीच घरात चालते, आणि लाइन निवडायला मी तिच्यावरच शिकलो. चाक कुठून न्यायचं त्या वाटेला आम्ही लाइन म्हणतो.

एफसीएक्स२४मध्ये पोर्टल अ‍ॅक्सल येतात, तेही सांगतो. चाकाच्या आत आणखी एक गिअरची जोडी असते. त्यामुळे अ‍ॅक्सलची नळी चाकाच्या मध्यापेक्षा वर राहते आणि पोट दगडाला कमी घासतं. मर्सिडीजच्या युनिमॉग ट्रकला हीच रचना असते. चांगली गोष्ट आहे, पण फक्त पोर्टलसाठी बजेट ताणू नका.

माझं स्पष्ट मत सांगतो. टेकडी, नदीकाठ किंवा गावचं घर हाताशी असेल आणि ही पहिलीच गाडी असेल, तर १/१८. सॅकमध्ये मावते, खऱ्या दगडांवर चालते, आणि टीआरएक्स-४एमच्या खोक्यात बॅटरी-चार्जर दोन्ही येतात. १/१० मध्ये बरेचदा गाडी चालवायला तयार म्हणून विकतात, पण बॅटरी आणि चार्जर वेगळे घ्यावे लागतात. आपण हिशेब गाडीचा करतो आणि खर्च तिथे वाढतो. ज्यांना स्क्रू खोलायला, गिअर बदलायला मनापासून आवडतं, त्यांनी मात्र सरळ १/१० घ्यावी. तिच्या आत हात जातो.

बजेट अगदी कमी असेल तर डब्ल्यूपीएल आणि एमएनच्या गाड्या आहेत. वाईट नाहीत. खोलून शिकायला छान आहेत, फक्त डब्ल्यूपीएलचे प्लास्टिकचे गिअर पुढेमागे धातूचे करावे लागतील, तेवढे पैसे बाजूला ठेवा.

मोटरबद्दल थोडक्यात. ब्रश्ड मोटरवर २१टी, ३५टी, ५५टी असं लिहिलेलं असतं. टी म्हणजे तारेचे वेढे. त्याच आकाराच्या मोटरमध्ये वेढे जास्त तर वेग कमी आणि हळू चालताना ताबा जास्त. क्रॉलरला तेच हवं. ब्रशलेसच्या, म्हणजे आत कार्बनचे ब्रश नसलेल्या मोटरच्या मागे पहिल्या गाडीत लागू नका.

सर्व्हो, म्हणजे पुढची चाकं वळवणारी मोटर, सगळ्यात आधी जातो. चाक दोन दगडांत अडकलेलं असताना स्टिअरिंग दाबून धरलं की तो घुंईऽऽ असा ओरडतो. तो आवाज आला की लगेच सोडा, गाडी बोटभर मागे घ्या, मग वळवा.

बॅटरीच्या बाबतीत मात्र मी कळकळीने सांगतो, कारण इथे चूक महाग पडते. या गाड्यांत बहुतेक लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी असते. ७.४ व्होल्ट, म्हणजे दोन सेल. प्रत्येक सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट होतो. ३ व्होल्टच्या खाली गेला की तो खराब होतो, म्हणून ईएससीमध्ये लायपोचं सेटिंग आहे ना ते पहिल्याच दिवशी बघा. मग बॅटरी उतरली की गाडी आपणहून थांबते. चार्जिंग फरशीवर करा, गादीवर किंवा सोफ्यावर कधीच नाही, आणि लावून झोपायला जाऊ नका. आठवडाभर चालवणार नसाल तर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून द्या. उन्हाळ्यात कारच्या डिकीत विसरू नका. आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, कितीही नवी असली तरी.

आता खरेदी. आपल्याकडे या गाड्या महाग का, तर बहुतेक बाहेरून येतात. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७०. वर जीएसटी वेगळा. परदेशातल्या किमती बघून मन खट्टू करून घेऊ नका, आणि तिकडून मागवणार असाल तर आजचा दर आधी तपासा. मी गाडीच्या किमतीआधी सुट्या भागांची चौकशी करतो. दुकानदाराला विचारा: या गाडीचा ड्राइव्हशाफ्ट (मोटरचा जोर चाकांकडे नेणारा दांडा), अ‍ॅक्सलचे गिअर आणि सर्व्हो आत्ता तुमच्याकडे आहे का? "मागवून देतो" म्हणाला तर किती दिवसांत? माझी एक गाडी दोनशे रुपयांच्या शाफ्टसाठी तीन महिने पडून होती. त्यानंतर ज्याचे भाग देशात मिळतात तेच मॉडेल मी घेतो.

आपल्या दगडांबद्दलही सांगतो. हा काळा बसाल्ट कोरडा असला की पकड सुंदर देतो. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरलं की कुठलाच टायर उभा राहत नाही. कोकणातला जांभा वेगळा. त्याची छिद्रं टायरला घट्ट धरतात, पण रबर लवकर खातो, आणि ती लाल धूळ बेअरिंगमध्ये जाऊन बसते. घरी आल्यावर मऊ ब्रशने झाडा. पाण्यातून गेली असेल तर टायरमधला फोम पिळून काढा, बेअरिंगला तेलाचा थेंब द्या. वॉटरप्रूफ लिहिलं असेल तर ते इलेक्ट्रॉनिक्ससाठी, लोखंड गंजायचं ते गंजतंच. आणि गवत, झुडपं सोडून उघड्या कातळावरच चालवा. फिरायला येणाऱ्यांना आधी वाट द्या.

(भाच्याकडून कॅमेरा घेतो, रिमोट त्याच्या हातात देतो.)

घे रे, ती मघाचीच कड, तू चढव.

(चाक कडेला टेकतं.)

हळू... अजून हळू. थांब, टायर बसू दे आधी. हं, आता ओढ.