चाक का फिरत नाही?

(दांडिया बाजार, एका जुन्या घराचा पहिला मजला. जमिनीवर पुठ्ठ्यांचा पसारा.)

ही पोरं तिसरी-चौथीतली. मे महिन्यात बडोद्यात दहानंतर बाहेर पाय ठेवायची सोय नसते, म्हणून ताईंनी सकाळी आठलाच सगळ्यांना बोलावलंय. सामान काय, तर किराणा दुकानातले खोके, पाण्याच्या बाटल्यांची झाकणं, खराट्याच्या काड्या, स्ट्रॉ, फेविकॉल, आणि एक चांगली कात्री जिच्यावरून भांडणं सुरू झालीत. काम एवढंच की खालच्या मजल्यावरच्या आजोबांची औषधाची बाटली खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला नेईल अशी गाडी बनवायची, बाटली पडता कामा नये.

नुसतं गाडी बनवा म्हटलं असतं ना, तर सगळ्यांनी एकसारखी बनवली असती. क्राफ्टच्या तासाला तेच होतं, मॅडम नमुना दाखवतात आणि अख्खा वर्ग त्याचीच कॉपी करतो. इथे बाटली उंच आहे, जरा धक्का बसला की आडवी, मग कठडा लावायचा का गाडी रुंद करायची, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

आता हिच्याकडे बघा. हिने काडी सरळ खोक्याला चिकटवली, दोन्ही टोकांना झाकणं, तीही चिकटवली, दिसायला एकदम झकास गाडी. ढकलली तर चाकं जागची हलत नाहीत, गाडी नुसती घासत चाललीय.

"ताई, फिरतच नाही हो!"

"बघ बरं, कुठे अडलंय?"

ताई उत्तर देत नाहीत, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकारात सगळ्यात अवघड काम हेच आहे, गप्प बसायचं. थोड्या वेळाने हिच्याच लक्षात येतं की झाकण काडीला पक्कं आणि काडी खोक्याला पक्की, मग फिरणार कोण? आता ती स्ट्रॉ खोक्याला चिकटवते आणि काडी स्ट्रॉच्या आत मोकळी सोडते. चाकं फिरली! पण गाडी लंगडते, कारण झाकणातलं काडी घालायचं भोक मधोमध नाहीये. मधला बिंदू काढायची युक्ती बाजूच्या मुलाने दाखवली: झाकण कागदावर ठेवून गोल आखायचा, कापायचा, दोनदा घडी घालायची, उघडलं की घड्या जिथे एकमेकींना कापतात तोच मध्य. भोक मात्र ताईच पाडतात, पक्कडीत धरलेल्या तापलेल्या खिळ्याने, तिथे पोरांना हात लावू देत नाहीत.

पलीकडे आईस्क्रीमच्या काड्यांचा चौकोन सारखा तिरका होतोय. कोपऱ्यांवर पुठ्ठ्याचे छोटे त्रिकोण चिकटवले की उभा राहतो, कारण त्रिकोणाच्या बाजू तेवढ्याच ठेवल्या तर त्याचे कोन बदलूच शकत नाहीत.

इंग्लंडमध्ये १९९० पासून डिझाईन अँड टेक्नॉलॉजी, म्हणजे हेच असं आखून-बनवून बघणं, हा शाळेतला रीतसर विषय आहे, अगदी पाच वर्षांच्या मुलांपासून. लहानांना तरफ, चाकं, आस, पुढे पुली, गिअर, कॅम (फिरताना दुसऱ्या भागाला वरखाली ढकलणारं चाक). आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी त्याच्या शंभर वर्षं आधी, १८९० मध्ये, कलाभवन काढलं, त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख, पुढे सिनेमावाले झालेले दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. पण ते मोठ्यांसाठी, धंदा शिकायला. १९०६ मध्ये महाराजांनी सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तरी चौथीतल्या पोराच्या हातात कात्री आजही आठवड्यातून एखाद्या तासालाच येते, आणि ती पण बोथट.

आणि करून बघायची, चुकलं की सुधारायची ही कला पोरांना येत नाही असं थोडंच आहे! उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, गच्चीवर बघा, पतंगाला किन्ना (मांजा जोडायचा दोरा) बांधायचा, उडवून बघायचा, नीट उडाला नाही की खाली उतरवून किन्ना जरा बदलायचा, परत उडवायचा. कुणी मार्क देत नाही, तरी दुपारपर्यंत चालू. शाळेच्या प्रदर्शनात मात्र थर्माकोलचा ज्वालामुखी येतो, जो रात्री बाबांनी जागून बनवलेला असतो किंवा सरळ दुकानातून रेडीमेड आणलेला, आणि बक्षीस त्यालाच, खरं सांगायचं तर मला ते बघवत नाही.

(गाड्यांची टेस्ट. खालच्या मजल्यावरचे आजोबा खुर्चीत.)

पहिल्या गाडीची बाटली मध्येच आडवी. दुसरी भिंतीला धडकली. आपल्या स्ट्रॉवाल्या मुलीची गाडी वाकडीतिकडी का होईना पोचली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनी बाटली उचलली, गाडी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले,

"छान आहे गं, पण औषध माझ्या उशाशीच असतं. मला सापडत नाही तो चष्मा."

पोरगी दोन सेकंद त्यांच्याकडे बघत राहिली. मग मोठ्या कष्टाने लावलेला कठडा तिने कराकरा उपटला आणि ओरडली, "ताई, आजोबांचा चष्मा मापाला द्या ना!"