रॉकच्या कॅसेटी ग्रुपवर टाकण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. पाचगणी आपल्याच सातारा जिल्ह्यातली, आणि तिथल्या सेंट पीटर्स शाळेत फ्रेडी मर्क्युरी शिकला. त्यामुळे इकडच्या रॉकवेड्यांच्या ग्रुपवर त्याच्या ‘क्वीन’ बँडचा १३ जुलै १९८५चा, लाइव्ह एड या मदतनिधीसाठीच्या कॉन्सर्टमधला कार्यक्रम फिरणारच. पण लंडनच्या वेम्बली स्टेडियममधली ती २१ मिनिटं आता सगळ्यांकडे आहेत. ग्रुपवर नवं काही येतं ते कपाटातल्या कॅसेटींमधून. कुणी कॉन्सर्ट रेडिओवरून टेप केलेली असते, कुणी मित्राकडून उतरवून घेतलेली. ती फोनवर नीट कशी आणायची, ते आज पाहू.

कॅसेट हातात आली की वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे कान आधी मोडून टाका. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी मग काही पुसलं जात नाही. नंतर टेपचे वेढे उजेडात धरून बघा. पाचगणी-महाबळेश्वरच्या पावसाळी हवेत पडून राहिलेल्या टेपवर पांढरट बुरशी चढते. अशी कॅसेट लावायची नाही, कारण बुरशी हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बसते आणि तिथून पुढच्या कॅसेटला लागते. टेप स्वच्छ असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे पळवा, मागे आणा. चिकटलेले वेढे सुटतात. हेड कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. तपकिरी थर निघायचा थांबेपर्यंत काड्या बदला.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. हेडशेजारी स्प्रिंगवर बसवलेला एक बारीक स्क्रू असतो. त्याने हेडचा कोन बदलतो. कॅसेट ज्या डेकवर (कॅसेट भरायच्या-वाजवायच्या यंत्रावर) भरली त्याचा कोन तुमच्या डेकशी जुळला नाही, तर ड्रमच्या झांजा गोधडीखालून वाजल्यासारख्या येतात. आवाज मोनोवर (डावा-उजवा एकत्र) ठेवा आणि स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्याच्या आत, फिरवत झांजा सर्वांत कुरकुरीत होतील तिथे थांबा. हे साधलं तर पुढची निम्मी सॉफ्टवेअरगिरी वाचते.

डेकच्या लाइन आउटमधून (आवाज बाहेर देणाऱ्या भोकातून) लाइन इन असलेल्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या डबीत, वायर घ्या. लॅपटॉपचं माइकचं भोक बहुधा मोनो असतं, शिवाय तिथे आवाज फाटतो. रेकॉर्डिंगची लेव्हल (आवाजाची पातळी) ठरवताना गाण्याची संथ सुरुवात नको, ड्रम आणि टाळ्यांचा कडकडाट लावून बघा. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. एकदा फाटलेला आवाज नंतर नीट शिवता येत नाही. घूं असा ५० हर्ट्झचा गुणगुणाट आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून पाहा. सीडीच्या दर्जाची डब्ल्यूएव्ही (न दाबलेल्या आवाजाची) फाइल मिनिटाला साधारण १० एमबी घेते. ९० मिनिटांच्या कॅसेटला ९५० एमबी धरा.

टेपचा वेग तपासायला गिटार ट्यूनर चालतो, पण घाई नको. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स गिटार बऱ्याचदा अर्धा स्वर उतरवून लावायचा. त्यामुळे टेप ६ टक्के मंद आहे असं वाटेल, आणि तुम्ही ‘दुरुस्त’ करून बसाल. खरखर काढणारं फिल्टरही जपून वापरा. टाळ्या आणि खरखर त्याला जवळपास सारख्याच वाटतात, आणि टाळ्या नसतील तर कॉन्सर्ट कसली?

फाइलवर बँड, गाव, तारीख आणि रेकॉर्डिंग प्रेक्षकांतून आहे की मिक्सरवरून (मंचावरचा आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रातून थेट), एवढं लिहा. तारीख कार्यक्रमाच्या गावची घ्या. लाइव्ह एडमध्ये लेड झेपेलिन हा बँड अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात १३ जुलैच्या रात्री वाजले, तेव्हा आपल्याकडे १४ तारखेची पहाट होती. पहिली बाजू संपताना गाणं तुटलं असेल तर तुकडे बेमालूम जोडू नका, तुटल्याची नोंद करा. आणि बाजारात मिळणारी रेकॉर्डिंग सबंध चढवू नका, तो कॉपीराइटचा भंग होतो. त्यांची बँडच्या स्वतःच्या चॅनलवरची लिंक द्या आणि आवडता सोलो कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला सुरू होतो ते शेजारी लिहा.