चित्रशाळेतला पँथर

(दृश्य: गोव्यातलं माशेल. कौलारू घर. पडवीत गोणपाटाखाली चिकणमाती.)

चवथीच्या आधी ह्या घरात पाय ठेवायला जागा नसते. सोप्यावर गणपती, पडवीत गणपती, जिन्याखाली उंदीर. पण आत्ता मे महिना आहे आणि चित्रशाळा, म्हणजे गणपती घडवायची ही जागा, रिकामी आहे. ज्या टेबलावर माझे मामा गणपतीचे डोळे रेखतात, तिथे सध्या एक जर्मन रणगाडा उभा आहे. पँथर. खरा पँथर तोफेसकट ८.६६ मीटर लांब होता; एकास पस्तीस प्रमाणातलं हे मॉडेल पंचवीस सेंटिमीटरही भरत नाही.

(दृश्य: पिवळट रणगाडा. शेजारी रंगांच्या बाटल्या, कंप्रेसर.)

कंप्रेसर गणपतीचाच. पितांबराची सावली ज्याने मारतात, त्याच एअरब्रशने हा रणगाडा रंगणार.

फेब्रुवारी १९४३मध्ये जर्मन सैन्याने आपला गडद करडा रंग सोडला आणि मातकट पिवळा धरला. कारखान्यातून गाडा पिवळाच निघायचा. लालसर तपकिरी आणि ऑलिव्ह हिरव्या रंगाचा लगदा डब्यांतून वेगळा मिळायचा. तो पाण्यात नाहीतर पेट्रोलमध्ये कालवायचा आणि गाड्यावरच्या माणसांनीच मारायचा. स्प्रेगन मिळाली तर स्प्रेगनने, नाहीतर ब्रशने. मग एका गाड्यासारखा दुसरा कसा दिसणार?

नवशिका नेमका इथेच फसतो. सारख्या रुंदीचे पट्टे, सारखं अंतर. मी केलेला पहिला रणगाडा मामांनी हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाले, "झेब्रा छान झालाय."

(दृश्य: अगदी जवळून. एअरब्रशची सुई, मामांचा अंगठा.)

आता नीट बघा. रंग दुधाइतका पातळ केलाय. पहिली रेघ रणगाड्यावर नाही, डाव्या अंगठ्याच्या नखावर. नखावर थेंब सांडला नाही, कडेला कोळ्याच्या पायांसारखे फराटे फुटले नाहीत, तरच पुढे. नोझल ०.३ मिलिमीटरचं, हवेचा दाब अगदी कमी, आणि सुई पृष्ठभागापासून जेमतेम सेंटिमीटरभर. एवढ्या जवळून का? खऱ्या स्प्रेगनने मारलेल्या पट्ट्याची कड धूसर असते. ती सात सेंटिमीटर धरली, तर पस्तिसाने भागून उरतात दोन मिलिमीटर. ती कड चार मिलिमीटर झाली की डोळ्याला लगेच कळतं, हे खेळणं आहे. मामा आधी पट्ट्याची फिकट बाह्यरेषा काढतात, मग आत भरतात, आणि जिथे रंग बाहेर उडाला तिथे परत पिवळा घेऊन कड आत ढकलतात. एका बाजूला अख्खी दुपार जाते. मला तरी हे काम गणपतीच्या डोळ्यांइतकंच कठीण वाटतं. मामांना विचारलं तर ते नुसते हसतात.

रंगही बाटलीतला जसाच्या तसा चालत नाही. लहान वस्तूवर तोच रंग जास्त काळपट दिसतो, म्हणून त्यात थोडा पांढरा किंवा फिकट पिवळा घालावा लागतो.

(दृश्य: कुळागर. पोफळींखाली उन्हाचे कवडसे.)

मला खरं तर ठिपके हवे होते. १९४४च्या ऑगस्टमध्ये जर्मनांनी तीन रंगांच्या पट्ट्यांवर बारीक ठिपके मारायला सुरुवात केली. आकाश तेव्हा शत्रूच्या विमानांचं होतं, म्हणून गाडे झाडांखाली दडायचे, आणि पानांतून गळणाऱ्या उन्हाची नक्कल हे ठिपके करायचे. आमच्या कुळागरात दुपारी अगदी असंच ऊन पडतं. मी मामांना तिथे नेऊन दाखवलंसुद्धा.

"हा गाडा जुलैमधला आहे," मामा म्हणाले. विषय संपला.

मग निदान चाकांना आपली लाल माती लावू, म्हटलं. घरामागे हवी तेवढी आहे.

"हा नॉर्मंडीत लढलाय बाबा. डिचोलीच्या खाणीत नाही."

शेवटी खडूची करडी-तपकिरी भुकटी चाकांवर बसली.

(दृश्य: खिडकीबाहेर पाऊस. रणगाडा, एका बाजूला हिरवा रंग अजून नाही.)

जून लागला. कंप्रेसरच्या नळीत पाणी साचायला लागलं. परवा हिरवा मारताना एक थेंब थुंकीसारखा बुरुजावर उडाला. मामांनी तो पुसला नाही. सुकू दिला, आणि त्याच्यावरून एक तपकिरी पट्टा नेला, जो मूळ आराखड्यात नव्हता.

पडवीतलं गोणपाट आता निघालंय. माती मळायला घेतलीय. पँथर खोक्यात गेला आणि खोकं कपाटावर. उजवी बाजू चवथीनंतर.