मॅक सातचा वारा

श्रोतेहो, नमस्कार. विंड टनेल, म्हणजे विमानाच्या प्रतिकृतीवर वेगाने हवा सोडून चाचणी घ्यायचा बोगदा, म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भलामोठा पंखा येतो. ध्वनीच्या पाचपट वेगापलीकडे, म्हणजे हायपरसोनिक टनेलमध्ये, पंख्याचा काही उपयोग नसतो. तिथे एका अंगाला दाबून भरलेल्या हवेची टाकी, दुसऱ्या अंगाला निर्वात टाकी आणि मधे नॉझल, म्हणजे हवेला वेग देणारी, मधे अरुंद होऊन पुढे रुंदावणारी नळी. झडप उघडायची आणि फार तर मिनिट-दीड मिनिटात काय मोजायचं ते मोजून घ्यायचं.

अमेरिकेत लँग्लीच्या प्रयोगशाळेत जॉन बेकर यांनी १९४५ मध्ये असा टनेल सुचवला. नोव्हेंबर १९४७ मध्ये तो मॅक ६.९ वर, म्हणजे ध्वनीच्या ६.९ पट वेगावर, चालला. चाचणीची जागा अवघी ११ इंचांची! वेग गाठण्यापेक्षा जास्त डोकं खाल्लं ते तापमानाने. सायकलच्या ट्यूबमधून हवा सोडताना वॉल्व्ह गार लागतो, तेच इथे टोकाला जातं. साध्या तापमानाची हवा मॅक सातपर्यंत पसरू दिली, तर ती उणे २४५ अंशांच्या आसपास उतरायला बघते. पण त्याआधीच तिचे थेंब होऊ लागतात, मग मोजमापांना अर्थ उरत नाही. म्हणून हवा आधी चांगली काहीशे अंश तापवायची. तापवली, की नॉझलचा गळा वाकतो. गळा म्हणजे बारीकशी फट; ती किंचित हलली तरी वेग बदलला. पुढे तिथे इन्व्हार या मिश्रधातूचं नॉझल बसवलं, कारण तो उष्णतेने जवळजवळ प्रसरणच पावत नाही.

याच टनेलच्या अभ्यासातून एक्स-१५ या अमेरिकेच्या रॉकेट-विमानाला पाचरीसारखी जाड उभी शेपटी मिळाली. या वेगात पातळ शेपटी विमानाला सरळ ठेवू शकत नाही, हे लँग्लीच्याच चार्ल्स मॅक्लेलन यांनी ओळखलं होतं. मला विचाराल तर तेवढ्यावरच टनेलचा खर्च वसूल झाला.

आपल्याकडे तिरुवनंतपुरमला इस्रोचा टनेल २०१७ मध्ये, हैदराबादला डीआरडीओचा २०२० मध्ये सुरू झाला. दोन्हींची नॉझलं एक मीटर व्यासाची आणि मजल मॅक १२ पर्यंतची. मॅक १२ साठी ढोबळ हिशेब केला, तर एक मीटरच्या तोंडाला गळा येतो जेमतेम २८ मिलिमीटरचा.

एवढं करूनही प्रत्यक्ष उड्डाणातली उष्णता इथे मिळत नाही. मॅक सातला ती दोन हजार अंशांच्या घरात जाते. तिच्यासाठी शॉक टनेल, म्हणजे आघात-लहरीने हवा क्षणात तापवणारा टनेल, लागतो, आणि त्यात सगळी चाचणी काही मिलिसेकंदांत उरकावी लागते.