गिअर पायथ्याशीच ठरतो

(सोलापुरात फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर देणाऱ्या, गाड्या चालवणाऱ्या तरुणांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मघाशी एकानं विचारलं, "काका, सोलापुरात वाळूचे डोंगर कुठायत, तुम्ही वाळूवर गाडी चढवायला कशाला शिकवताय?" बरोबर आहे. आपल्याकडे वाळू म्हटली की भीमा आणि सीना, आणि ती चढायला नाही, रात्रीतून पळवायला. पण तुमच्यातले निम्मेजण डिसेंबरात जैसलमेरला निघालेत, सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर. तिथं गेल्यावर माझ्यासारखी फजिती होऊ नये म्हणून बोलतोय.

माझी फजिती आधी सांगतो. मी मूळचा ट्रॅक्टरचा मेकॅनिक, अक्कलकोट रोडला गॅरेज. पहिल्यांदा राजस्थानात गेलो तेव्हा वाटलं, गिअर आपल्याला कोण शिकवणार? जिप्सी घेतली, लो लावला (म्हणजे दुसऱ्या लीव्हरनं सगळेच गिअर कमी वेगाचे आणि जास्त ताकदीचे केले), सेकंडला चढायला सुरुवात केली. निम्म्यात इंजिन ओरडायला लागलं. ओरडलं की वरचा गिअर, ही हाताची सवय. थर्ड टाकला. गाडी अशी थांबली की जणू कुणी मागून साखळी ओढली. रेस दिली तर मागची चाकं खड्डा खणायला लागली आणि गाडी पोटावर बसली. दोन तास फावडं. शेजारून एक उंटवाला शांतपणे गेला, हसलासुद्धा नाही. त्याचंच जास्त लागलं.

परत आल्यावर ही गोष्ट मी एका म्हाताऱ्या ड्रायव्हरला सांगितली. जन्मभर उसाची डबल ट्रॉली ओढलेला माणूस. तो म्हणाला, "काय करलालास बे, गिअर खालीच ठरवायचं असतंय! रानातनं सडकेवर चढताना आम्ही कधी क्लचला पाय लावतो का?" आज मला सांगायचंय ते एवढंच. पण हे असं का, ते जरा हिशेब मांडून सांगतो. नाहीतर ऐन चढावर हात परत सवयीनंच चालेल.

डांबरी सडकेवर गाडी ढकलायला तिच्या वजनाच्या दीड टक्का जोर पुरतो. पंधराशे किलोची गाडी असेल तर बावीस-तेवीस किलो. दोन पोरं बंद गाडी ढकलत पंपावर नेतात ती उगाच नाही. मऊ, कोरड्या वाळूत हाच आकडा वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत जातो, कधी त्याच्याही वर. का? चाक वाळूवर चालत नाही. ते वाळू पुढं ढकलतं, दाबतं आणि स्वतःच केलेला छोटा चढ सतत चढत राहतं. म्हणजे सपाट वाळूतच तीनशे किलो मागं ओढतायत. त्यात पंधरा अंशांचा चढ आला की वजनाचा आणखी चौथा हिस्सा. सगळं मिळून सातशे किलोच्या आसपास. एवढं ओझं तुमच्या बंपरला मागून बांधलंय असं समजा.

आता क्लच दाबा. इंजिनचा जोर तुटला, सातशे किलो मात्र तिथंच. सडकेवर सपाटीला एक सेकंद क्लच दाबला तर ताशी अर्धा किलोमीटर वेग जातो, तुम्हाला कळतसुद्धा नाही. त्या चढावर तोच एक सेकंद ताशी सोळा किलोमीटर खातो. हात सफाईदार असला, अर्ध्या सेकंदात गिअर पडला, तरी आठ. तीसनं चढत होतात, बावीसवर आलात. आणि वरचा गिअर टाकलाय म्हणजे इंजिनला आणखी कमी फिरायचंय. माझ्या जिप्सीचं हेच झालं.

आता लो का लावायचा? पुष्कळांना वाटतं, लो म्हणजे फक्त ताकद. अर्धं खरं आहे. मारुतीच्या जिमनीचं उदाहरण घेऊ, तुमच्यातल्या तिघा-चौघांकडे आहे. इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा काटा चार हजारांवर धरला तर हाय फर्स्टला (हाय म्हणजे सडकेवरचे नेहमीचे गिअर) गाडी साधारण ताशी अठ्ठावीसनं पळते आणि लो सेकंडला सत्तावीसनं. म्हणजे जवळपास एकच. मग लोचा खटाटोप कशाला? पुढची पायरी बघा. हाय फर्स्टच्या पुढं हाय सेकंड, तिथं चार हजारांना त्रेपन्न. दोन पायऱ्यांत एवढं अंतर की मधला वेग पकडायला गिअरच नाही. लो सेकंडच्या पुढं लो थर्ड, चार हजारांना सदतीस. वाळूत आपल्याला लागतो तो वीस ते चाळीसचा वेग, आणि लोमध्ये तिथं दोन गिअर शेजारीशेजारी बसलेत. जिन्याच्या पायऱ्या बुटक्या केल्यासारखं. लो फर्स्टचा मात्र नाद सोडा. तिथं चार हजारांना चौदासुद्धा होत नाहीत, आणि ताकद इतकी की चाकं जागेवर फिरून खड्डा करतात. वाळूत निघायचं तेच लो सेकंडला, क्लच हळू सोडत.

मग करायचं कसं? पायथ्याला थांबा, खाली उतरा, चढ पायानं चालून बघा. हे सांगितलं की पोरं हसतात, पण टेकडीच्या माथ्यापलीकडं काय आहे ते गाडीत बसून दिसत नाही. वारा ज्या बाजूनं येतो ती बाजू उताराला कमी आणि दाबलेली असते, दहा-पंधरा अंश. पलीकडची बाजू म्हणजे वरून घसरून पडलेली वाळू, बत्तीस-चौतीस अंशांवर टेकलेली. कोरडी वाळू त्याहून उभी राहूच शकत नाही. चढायचं ते वाऱ्याच्या बाजूनं, आणि शक्य तर सकाळी. रात्रीच्या दवानं वरचा थर जरा धरून असतो. दुपारी तीच वाळू पिठासारखी होते.

चालून आल्यावर मागं जागा घ्या. लो सेकंडला निघा, सपाटीवरच काटा वर न्या आणि लो थर्ड टाकायचा असेल तर तिथंच, सपाटीवर टाका. चढ लागला की डावा पाय क्लचपासून बाजूला. खरंच बाजूला, पाय ठेवायच्या जागेवर. नुसता ठेवलेला पायसुद्धा नकळत दाबतो, आणि मग क्लच प्लेटचा तो जळका वास येतो. तो वास गॅरेजवाल्याला आवडतो, तुम्हाला परवडणार नाही.

चढ छोटा असेल तर सेकंडच. लांब असेल आणि पायथ्याला धाव घ्यायला जागा असेल तर थर्ड.

आता एक पळवाट सांगतो, कारण रानात सगळं ठरल्यासारखं होत नाही. थर्डला चढताय आणि दम कमी पडतोय. तेव्हा खालचा गिअर टाकता येतो, पण वेळेत. तीसचा वेग असताना थर्डला काटा सव्वातीन हजारांवर असतो. त्याच क्षणी झटकन सेकंड टाकला, अर्ध्या सेकंदात आठ गेले, बावीस उरले. सेकंडला बावीस म्हणजे परत काटा सव्वातीन हजारांवरच. इंजिनला पत्ताही लागत नाही. पण "अजून जाईल, अजून जाईल" करत वीसपर्यंत वाट बघितली तर गिअर पडेपर्यंत बारा उरतात, काटा अठराशेवर येतो, आणि पेट्रोल इंजिन तिथं घुटमळतं. त्यामुळं खाली टाकायचा तर आवाज बदलला की लगेच. वरचा मात्र चढावर नाहीच.

इथं डिझेलवाल्यांना एक सांगायचंय. जिमनीचं पेट्रोल इंजिन पूर्ण जोर चार हजारांना देतं, थारचं बावीसशे सीसीचं डिझेल सोळाशे ते अठ्ठावीसशेच्या मध्ये. पुढची जिमनी बोंबलत चढली म्हणून मागच्या थारनंही काटा चार हजारांवर न्यायचा, असं नाही. डिझेलला त्याच वेगाला एक गिअर वरचा चालतो. दुसऱ्याच्या इंजिनाचा आवाज ऐकून आपला गिअर ठरवू नका.

आणि हे सगळं टायरमधली हवा कमी केल्यावर. सडकेवर तीस पीएसआयच्या आसपास असेल तर वाळूत पंधरा ते अठरा. टायर लांबट बसतो, कमी रुततो, ते तीनशे किलोचं ओझंच हलकं होतं. पुष्कळदा गिअर चुकला असं वाटतं तेव्हा खरं तर हवा चुकलेली असते. फक्त इतक्या कमी हवेवर जोरात वळवू नका, टायर रिममधून निसटतो.

माथा जवळ आला की रेस सोडायची. पुढची चाकं वर पोचेपर्यंत वेग चालण्याइतका व्हायला हवा. पलीकडं तो उभा उतार आहे, आणि तुमच्या आधी आलेला कुणी तिथं अडकून बसलेलाही असू शकतो. उतरताना गाडीचं नाक सरळ खाली, लो सेकंडवर, पाय ब्रेकवर न दाबता. गाडी आडवी व्हायला लागली तर थोडी रेस द्या आणि स्टिअरिंग उताराच्या दिशेनं वळवा. ब्रेक दाबलात तर ती आणखी आडवी होईल आणि मग उलटेल.

चढ झालाच नाही तर? वळायचं नाही. चढावर आडवी गाडी म्हणजे उलटलेली गाडी. इंजिन बंद पडलं असेल तर आधी ब्रेक, मग क्लच दाबून रिव्हर्स टाका, इंजिन चालू करा, मग क्लच हळू सोडत ब्रेकही सोबतच सोडा, आणि क्लच पूर्ण सुटू द्या. इंजिनच गाडीला धरून खाली आणेल. न्यूट्रलवर कधीच घरंगळत येऊ नका. आपल्याच चाकोरीतून सरळ मागं, मान वळवून. आणि दोनदा जमलं नाही तर तिसऱ्यांदा त्याच चाकोरीत जाऊ नका, ती खणली गेलेली असते.

ऑटोमॅटिकवाल्यानं विचारलंय, आमचं काय? तुमचं एक बरं आहे. टॉर्क कन्व्हर्टरच्या (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणाऱ्या) गाडीत गिअर बदलताना जोर जवळजवळ तुटत नाही. पण गाडी तुमच्या मनातलं ओळखत नाही. जरा रेस हलकी केली की ती वरचा गिअर टाकते, परत दाबली की खालचा शोधते. म्हणून मॅन्युअल मोडला न्या आणि गिअर तुम्हीच धरून ठेवा. मऊ वाळूत बराच वेळ रेटलं तर गिअरबॉक्सचं तेल तापतं, मध्येमध्ये थांबू द्या. थांबायचं तेही उताराकडं तोंड करून, ब्रेक न लावता. ब्रेक लावला की पुढच्या चाकांपुढं वाळूचा बांध होतो.

सराव कुठं करायचा? नदीपात्रात नको, पोलीस विचारतील ते वेगळंच. नान्नजच्या माळावर तर अजिबात नको. तिथल्या माळढोक पक्ष्यालाच राजस्थानात गोडावण म्हणतात, आणि समच्या आसपासचं रान त्याच्याच अभयारण्यात येतं. तिकडंही आखलेल्या वाटेच्या बाहेर जाऊ नका. त्यापेक्षा एप्रिलात ओळखीच्या शेतकऱ्याचं नांगरलेलं काळं रान बघा. त्याला विचारून, बांधाचं नुकसान न करता. ढेकळांत लो सेकंडला जा आणि मध्येच एक सेकंद क्लच दाबा. गाडी कशी गचकन थांबते ते कमरेला कळू द्या. मग गिअर न बदलता शेताच्या या टोकाहून त्या टोकाला जा. दहा-बारा फेऱ्या. हवा भरायचा छोटा पंप सोबत ठेवा, आणि सडकेला लागायच्या आधी लीव्हर फोर बाय फोरमधून काढा. डांबरावर तसंच वळवत राहिलात तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी गिअरची पेटी) घेऊन माझ्याकडंच यावं लागेल.