मामांची वीतभर आयरिस

(पहाट. वसमतजवळचं शिवार. लांबवर पांढरी वाफ.)

ही वाफ दिसतेय ना, हे धुकं नाहीये. हळद शिजायलीय. फेब्रुवारी लागला की हिंगोली जिल्ह्याच्या या पट्ट्यात कुठल्याही रस्त्यानं या, आधी हा वास नाकात शिरतो, मग कपड्यात, मग डब्यातल्या पोळीतसुद्धा. पण आपला आजचा व्हिडिओ हळदीवर नाही. त्या पत्र्याच्या शेडमागं भिंतीला लागून मुरमाचा एक ढीग आहे, त्याच्यावर जांभळं फूल उमललंय, वीतभर उंचीचं, आणि त्या एका फुलासाठी मी परभणीहून पहाटेची बस धरून आलोय.

(ढिगाकडे जाणारा कॅमेरा. मामा पाठमोरे, हात पिवळे.)

हे माझे मामा. तीस-पस्तीस वर्षं हळद करतात. आणि हे फूल म्हणजे ड्वार्फ बिअर्डेड आयरिस, मराठीत म्हणायचं तर बुटकी दाढीवाली आयरिस. बुटकी का ते दिसतंयच. हिच्यात दोन गट मानतात, अगदी छोटी असते ती वीस सेंटीमीटरच्या आत, आणि तिच्याहून जरा मोठी, वीस ते चाळीस सेंटीमीटर. आपली ही दुसऱ्या गटातली. मामांनी हात लावून मोजली, एक वीत आणि वर दोन बोटं.

दाढी कुठंय ते जवळून बघा.

(क्लोजअप.)

सहा पाकळ्या आहेत. तीन वर उभ्या, टोकं एकमेकींकडं झुकलेली, आणि तीन खाली लोंबलेल्या. त्या लोंबलेल्या पाकळीच्या मधोमध केसांची पट्टी दिसतेय का, ब्रशसारखी? तीच दाढी. ही पट्टी मधमाशीला वाट दाखवते. दाढीवरून माशी आत घुसते आणि घुसताना तिच्या पाठीला परागकण लागतात. मामा पहिल्यांदा बघून म्हणाले, "आपल्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरवानी दिसायलंय."

आता हे इथं आलं कसं, तर दोष माझा. मोबाइलवर फोटो बघितला, ऑनलाइन दहा कंद मागवले, परभणीत आमचा तिसरा मजला आणि पूर्वेची दीड फुटाची गॅलरी, म्हणून पार्सल मामांच्या पत्त्यावर टाकलं. आलं जुलैत. सोबत एक चिठ्ठी, फुल सन, रेग्युलर वॉटरिंग, बस एवढंच. मामांनी पेपर सोडला, एक कंद हातात घेतला, अंगठ्यानं माती खरवडली, वास घेतला आणि म्हणाले, "कामून पैसे घातले रे? हे तर आपल्या हळदीचंच बेणं दिसायलंय."

आणि दिसतंच तसं. आडवा वाढणारा जाड कंद, अंगावर कडी, बाजूला फुटलेले छोटे फाटे. हळदवाल्याची नजर सरळ मधला जेठा गड्डा कुठला आणि बगल गड्डे कुठले तिकडंच गेली. त्यामुळं मामांनी त्याला हळदीसारखंच वागवलं, मला विचारायचं कारणच नव्हतं, मला तरी कुठं काय माहीत होतं. हळदीच्याच गादीवाफ्याच्या कडेला दहा कंद लावले, ड्रिपची नळी त्याच्यावरून गेली, आणि ऑगस्टमध्ये हळदीला भर लावली तेव्हा याच्यावरही दोन्ही बाजूंनी माती ओढली.

इथंच सगळं बिनसलं.

हळदीचा कंद उघडा पडला तर शेतकऱ्याचा जीव वरखाली होतो. म्हणून तर भर लावायची. आयरिसचं बरोब्बर उलटं. तिला कंदाची पाठ उन्हात लागते. मुळं मातीत, पाठ उघडी, म्हैस पाण्यात बसल्यावर पाठ जशी वर दिसते ना, तशी. भारी जमीन असेल तर अजिबात झाकायचा नाही, हलक्या रेताड जमिनीत फार तर बोटभर माती चालते. आणि आपली जमीन कसली, काळी कापसाची, पाऊस पडला की फुगून चिकट होते आणि पाणी धरून बसते.

गणपतीला मी गेलो तेव्हा पानं पिवळी पडली होती. मामांनी एका झाडाचं पान नुसतं धरलं आणि ते बुडापासून हातात आलं, जराही जोर न लावता. खाली कंदाचा लगदा. आणि वास, सडलेल्या बटाट्याचं पोतं उघडल्यावर येतो तसला, मामींनी तर पदर नाकाला लावून आम्हाला दोघांनाही अंगणाबाहेर काढलं.

"कंदकूज," मामा म्हणाले. बरोबर ओळखलं, पण अर्धंच. हळदीची कंदकूज मुख्यतः बुरशीनं होते आणि कंदमाशी लागली की वाढते, त्यामुळं मामांनी सवयीनं बुरशीचं औषध बुडाशी ओतलं, काही फरक पडला नाही. आयरिसची ही जी मऊ कूज आहे ती बॅक्टेरियानं होते. ओल, दाबलेली माती, आणि जास्तीचं नत्र, ही तिघं एकत्र आली की ती धरते. नत्र म्हणजे युरिया हो. हळदीबरोबर तिलाही खत पाणी सगळं मिळालं होतं, पानं काय हिरवीगार लुसलुशीत झाली होती, आम्ही खुश. ती लुसलुशीत वाढच आधी सडते.

दहातले सहा गेले. चार वाचवले ते असे. सडका भाग चमच्यानं खरवडून काढला, अगदी पांढरा टणक गर लागेपर्यंत, ब्लीचच्या पातळ पाण्यात धुतले, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी, आणि पापड वाळवायच्या खाटेवर दोन दिवस उन्हात ठेवले. खाट मामींची. त्याच्यावरून घरात काय झालं ते व्हिडिओत घेतलेलं नाही.

(मुरमाचा ढीग. मामा फावड्यानं दाखवतात.)

मग हा ढीग. खाली विटांचे तुकडे, वर मुरूम, वाळू आणि पोयट्याची माती, जमिनीपासून फूटभर उंच. शेणखत जवळपास नाहीच. ऑक्टोबरच्या शेवटी, पाऊस पूर्ण गेल्यावर लावले. थंड देशातली माहिती वाचली तर जुलै-ऑगस्टमध्ये लावा असं येतं, कारण तिकडं फुलं होऊन गेल्यावरचा तो विश्रांतीचा काळ असतो. आपल्याकडं जुलैत काय असतं ते तुम्हाला माहितीये.

आणि ते फुल सन. सहा तास ऊन पाहिजे म्हणतात, खरंच आहे, सावलीत ही फुलत नाही. पण ते तिकडचं ऊन. आपल्या मे महिन्यातलं बेचाळीस डिग्रीचं ऊन हा वेगळाच प्रकार आहे, त्यात लोखंडी गेटला हात लावता येत नाही. मामांनी मार्चपासून ढिगावर ग्रीन नेट बांधली, सकाळचं ऊन बारापर्यंत थेट, नंतर नेटखाली. पाणी दहा-बारा दिवसांतून एकदा. उन्हाळ्यात पानांची टोकं तपकिरी झाली, वाढ थांबली, मामींना वाटलं मेलं, त्या उपटणारच होत्या. मेलं नव्हतं, झोपलं होतं. पावसाळ्यात चारी कंद उचलून कुंडीत घातले आणि पत्र्याखाली ठेवले, दिवाळीच्या सुमाराला परत ढिगावर. या उचलाउचलीत एक गेला. राहिले तीन.

पहिल्या हिवाळ्यात पानांचे नुसते पंखे आले, जपानी पंखा उघडल्यासारखे, छान दिसतात, पण फूल नाही.

का नाही, त्याचं उत्तर हिच्या आजोळात आहे. हिची आजी म्हणजे आयरिस प्युमिला, पूर्व युरोपापासून रशियाकडच्या गवताळ माळांवरची, जिथं हिवाळाभर बर्फ असतं. १९४० च्या दशकात अमेरिकेत दोन माणसांनी तिला बागेतल्या उंच आयरिसशी जुळवलं. पॉल कुक इंडियानातल्या ब्लफ्टन गावात, गेडिस डग्लस टेनेसीतल्या नॅशव्हिलमध्ये. अडचण अशी की बुटकी लवकर फुलते आणि उंच उशिरा, एका बागेत दोघींची गाठच पडत नाही. पण नॅशव्हिल दक्षिणेला, तिथं उंच आयरिस आधी फुलायची, म्हणून यांनी परागकण चक्क पोस्टानं एकमेकांना पाठवले. आपल्याकडं सोयरीक जमवायला बायोडेटा पाठवतात तसं. प्युमिलाची ३२ गुणसूत्रं, उंचीची ४८, दोघींकडून अर्धी अर्धी घेऊन लेकरात ४०. कुकची ग्रीन स्पॉट, बारिया वगैरे पहिली वाणं १९५१ मध्ये आली, आणि अमेरिकन आयरिस सोसायटी या गटाला जे मेडल देते ते आजही कुक-डग्लस नावानंच.

तर थंडी हिच्या रक्तात आहे. हिवाळ्यात बरेच आठवडे सलग गारठा मिळाला नाही तर ती पानं काढत बसते, कळी धरत नाही. उंच आयरिसपेक्षा बुटकीला ही थंडी जास्तच लागते. म्हणून मुंबईच्या बाल्कनीत हिचा नाद करू नका. मराठवाड्यातही खरं सांगायचं तर काठावरचाच मामला आहे. आमच्या बाजूनं एकच गोष्ट, थंडीची लाट आली की पेपरात परभणीचं नाव येतं, आणि वसमत तिथून काही लांब नाही. दुसऱ्या वर्षी डिसेंबर-जानेवारीत तशी लाट आली. लोक शेकोट्या करून बसले होते, आणि मामा रोज सकाळी मफलर बांधून ढिगाकडं जाऊन यायचे, मामी विचारायच्या, "काय करायलात तिकडं?" हे म्हणायचे, "काही नाही, बॅटरी सापडंना."

फेब्रुवारीत एका पंख्याच्या मधून कळी वर आली. मामांचा फोन. हॅलो नाही काही नाही, थेट, "पोटरी आली."

(पुन्हा फूल. मागे हळदीची वाफ.)

एका दांड्यावर दोन कळ्या. पहिली सकाळी उमलली, हा शॉट तेव्हाचाच. हळद काढायला आलेल्या बाया काम सोडून बघायला आल्या, एकीनं विचारलं वास येतो का, वाकून घेतला, "हळदीपुढं काय कळतंय" म्हणून गेली. तिसऱ्या दिवशी फूल ओल्या रुमालासारखं पीळ घालून मिटलं. चौथ्या दिवशी दुसरं. बाकीचे दोन कंद पानांवरच.

मामांनी हिशोब केला. दहा बेणं, दीड वर्ष, एक ग्रीन नेट, दोन फुलं. म्हणाले, "तुरीत यापेक्षा बरं आहे." तरी ढीग मोडलेला नाही, उलट त्या झाडाला बाजूनं दोन फाटे फुटलेत आणि ते वेगळे करायला आणखी एक-दोन वर्षं लागतील हेही त्यांनी स्वतःच विचारून घेतलं.

(श्रावण. पाऊस. मोरीच्या कडेची झाडं.)

हा भाग स्क्रिप्टमध्ये नव्हता. श्रावणात मी ढिगाचे शॉट घ्यायला परत गेलो, मोरीच्या कडेला, सांडपाण्यावर वाढलेली ही झाडं मी लहानपणापासून बघतोय. पानं तशीच, पंख्यासारखी. फुलं केशरी, लाल ठिपक्यांची, मामी रोज देवाला घालतात. माहेरून आणलेलं बी, नाव कुणाला माहीत नाही. हे बेलमकांडा. हे जुनं शास्त्रीय नाव मल्याळी शब्दावरून पडलेलं, आणि २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी हिला आयरिसच्या वंशात घातलं, आता हिचं नाव आयरिस डोमेस्टिका. दाढी नाही, बर्फ नको, नेट नको.

मी हे ओसरीवर बसून वाचून दाखवलं. मामींनी ताटातले तांदूळ निवडायचे थांबवले.

"म्हणजे ही आयरिसच?"

"हो मामी."

"मग तुम्ही दोघं दीड वर्ष काय करायलते?"

(मामा कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. बोंड उघडतात, आत चकचकीत काळ्या बियांचा घोस. दोन बिया खिशात टाकतात.)