इंजिन धुताय? आधी तो पेट्रोलचा डबा लांब ठेवा

नमस्कार मंडळी. दसरा जवळ आलाय, पाऊस एकदाचा उघडलाय आणि मुंबईत गल्लोगल्ली आता एकच उद्योग, गाडी धुणं. भांडुपपासून लालबागपर्यंत कुठल्याही चाळीसमोर बघा, बाईक स्टँडवर, पोराच्या हातात जुना टूथब्रश आणि शेजारी कापलेल्या ऑईलच्या कॅनमध्ये अर्धा लिटर पेट्रोल. पूजेला गाडी चकाचक पाहिजे हे बरोबरच आहे, चार महिने हिंदमाता आणि किंग्ज सर्कलचं पाणी खाल्लेली असते ती. पण मला आज बोलायचंय ते त्या कापलेल्या कॅनबद्दल.

पेट्रोल का वापरतात, तर ग्रीस झटक्यात सुटतं आणि वेगळं काही आणायला लागत नाही, टाकीत आहेच. आता बघा, पेट्रोलची वाफ पेट घेण्याइतकी तयार व्हायला उणे 40 अंशाच्या आसपासचं तापमानसुद्धा पुरतं, आणि आपण बसलेलो असतो ऑक्टोबरच्या उकाड्यात. वरून ही वाफ हवेपेक्षा जड, ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत जाते, दिसत नाही काही नाही. चाळीत दहा फुटांवर कोणी बिडी ओढत असतो, तळमजल्याच्या खोलीत गॅसवर चहा उकळत असतो, बाजूच्या गाळ्यात वेल्डिंग चालू असतं. तिथं ती वाफ पोचली की जाळ उलटा धावत कॅनपर्यंत येतो आणि कॅन कुठे असतो, तर तुमच्या दोन पायांच्या मधे. प्लग काढून किक मारत स्पार्क बघायची सवय असलेले पण असतात, तेही शेजारी पेट्रोल ठेवून! काय बोलायचं.

मग धुवायचं कशानं? ऑटो स्पेअरच्या दुकानात पाण्यात मिसळणारा डिग्रीझर, म्हणजे ग्रीस सोडवायचं द्रावण, मिळतो, तो घ्या, हातात रबरी मोजे, डोळ्यावर चष्मा. तो नसेल तर रॉकेल नाहीतर डिझेल. रॉकेल साधारण 38 अंशाच्या वर गेल्याशिवाय पेटण्याजोगी वाफ देत नाही, डिझेलला तर त्याहून जास्त लागतं. ती पेटत नाहीत असं नाही हां, पण पेट्रोलसारखी टपून बसलेली नसतात. संडास धुवायचं ॲसिड मात्र इंजिनवर अजिबात नको, पांढरे डाग जातील म्हणून लोक ओततात आणि ॲल्युमिनियम काळवंडून बसतं, शिंतोडा डोळ्यात गेला तर ते वेगळंच.

दुसरी गोष्ट म्हणजे घाई. ठाण्याहून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेनं तापून आलेली गाडी लावली आणि लगेच पाईप सोडला, असं करू नका. सायलेन्सर आणि इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, त्या वेळेला इतके गरम असतात की पाणी पडल्या पडल्या वाफ होऊन हातावर येते, आणि गरम धातूवर एकदम गार पाणी पडलं की तो आखडतो, तडा जायची भीती असते. रॉकेलचं वर सांगितलेलं गणित पण गार इंजिनचं आहे, तापलेल्या सायलेन्सरवर ते सुद्धा पेटतं. तळहात आरामात टेकवता येईल इतकं गार होऊ द्या, तोवर चहा घ्या.

आता चेन. सगळ्यात जास्त बोटं इथं जातात म्हणून जरा सावकाश सांगतो. बरेच जण चूक काय करतात, तर बाईक डबल स्टँडवर लावायची, इंजिन चालू करून पहिला गिअर टाकायचा, मागचं चाक गरागरा फिरतंय आणि हा फडका धरून बसलाय, चेन आपोआप पुसली जाते म्हणून. फडक्याचं एक टोक चेन आणि स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाच्या, मधे गेलं की फडक्याबरोबर बोट पण आत जातं, हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. तेव्हा इंजिन बंद, चावी खिशात, गाडी न्यूट्रलमधे, आणि चाक एका हातानं हळूहळू फिरवत दुसऱ्या हातातल्या ब्रशनं थोडी थोडी चेन घासायची, आणि ब्रश धरायचा तो खालच्या बाजूच्या चेनच्या मधोमध, स्प्रॉकेटच्या जवळ नाही. चेनमधे छोटे रबरी ओ रिंग असतील तर पेट्रोलनं ते खराब होतात, हे आणखी एक कारण. नंतर चेन ल्यूब मारताना टायरवर आणि ब्रेकच्या डिस्कवर उडणार नाही एवढं बघा.

प्रेशर वॉशबद्दल माझं मत जरा वाकडं आहे. वॉशिंग सेंटरवाला फवारा मारतो, दोन मिनिटात चिखल गायब, बघायला मजा येते, पण ते पाणी चाकाच्या बेअरिंगमधे, वायरींच्या जोडांमधे, प्लगच्या खोबणीत घुसतं. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस सिक्स, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांच्या, गाड्यांत तर सेन्सर आणि वायरिंग आणखी वाढलंय. घरी धुताय तर बादली, मग आणि ब्रश पुष्कळ झालं, तसंही सोसायटीत टँकरचं पाणी असलं की सेक्रेटरी पाईप लावूच देत नाहीत. सायलेन्सरच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी रबर बँडनं बांधा, आणि सुरू करायच्या आधी ती काढा, बरेच जण विसरतात.

कारवाल्यांसाठी थोडक्यात. बॉनेट उघडल्यावर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पॉझिटिव्हपासून सुरुवात केली आणि पाना बॉडीला टेकला की ठिणग्याच. फ्यूज बॉक्स, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करतो तो), एअर फिल्टरचं तोंड पिशवीनं झाका. रेडिएटरची कॅप गरम असताना उघडू नका, कूलंट दाबाखाली असतं, उसळून तोंडावर येतं. आणि गाडी बंद केली तरी पंखा मधेच सुरू होऊ शकतो, त्यामुळे हात तिथून लांब.

धुऊन झाल्यावर कोरड्या फडक्यानं पुसा, उन्हात ठेवा, मग सुरू करा, पण बेसमेंट पार्किंगमधे किंवा शटर खाली ओढून नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साईड वासाला सुद्धा कळत नाही. मग गल्लीतल्या गल्लीत हळू चक्कर मारून दोन्ही ब्रेक दाबून बघा.

उरलं ते काळं झालेलं रॉकेल. रस्त्याकडेच्या गटारात ओतू नका, ती पावसाच्या पाण्याची गटारं, ते सरळ खाडीत नाहीतर समुद्रात जातं. बाटलीत भरून गॅरेजवाल्याला विचारा, जुन्या ऑईलचं पिंप असतं त्याच्याकडे. फक्त ती बाटली पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची नको, आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहून वर ठेवा, लहान पोरं पाणी समजून तोंडाला लावतात. कोणी प्यायलंच तर उलटी करवायला जाऊ नका, उलटीबरोबर रॉकेल फुफ्फुसात उतरतं. केईएम, सायन, जे जवळ असेल ते हॉस्पिटल गाठा, आणि ती बाटली बरोबर न्या म्हणजे डॉक्टरांना कळेल पोटात काय गेलंय ते.